आधी चोखोबा

पंढरपूरला गेलं की माझी आजी आधी विठोबाकडे जात नसे. महाद्वारासमोर आली की ती पाठ फिरवायची आणि चोखोबाच्या समाधीपुढे उभी राहायची. पदर सावरायची, डोकं टेकवायची, मलाही टेकवायला लावायची. मग नामदेवाच्या पायरीला हात लावायचा आणि त्यानंतर देव. हा क्रम तिनं मरेपर्यंत मोडला नाही.

सात-आठ वर्षांची असताना मी तिला विचारलं होतं, "आजी, ह्यांना बाहेर का ठेवलंय?"

"आत घेतलं नाही म्हणून," ती म्हणाली. दुसरी कुठली आजी असती तर म्हणाली असती, देवाला दारातले भक्त फार आवडतात. माझ्या आजीनं गोष्टीला साखर लावली नाही.

चोखोबा म्हणजे संत चोखामेळा, मंगळवेढ्याचे, अस्पृश्य मानलेल्या महार जातीतले. गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली दबून ते गेले, साल १३३८. नामदेव तिथं गेले. ढिगाऱ्यातली कुणाची हाडं कुणाची हे ओळखायचं कसं? ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची, अशी कथा आहे. नामदेवांनी ती हाडं पंढरपुरात आणली आणि महाद्वारासमोर समाधी झाली. जिवंतपणी ज्या दारापर्यंत यायचं, मेल्यावरही त्याच दारापर्यंत. पुढची सहाशे वर्षं त्यांच्या जातीतला वारकरी तिथूनच कळसाला हात जोडून मागं फिरला. आळंदीहून देहूहून पायी आलेला असो, डोक्यावर तुळस घेऊन आलेला असो, पायाला फोड आलेले असोत. वाखरीचं रिंगण सगळ्यांनी मिळून पाहायचं आणि पंढरपुरात पोचल्यावर काहींनी आत जायचं, काहींनी बाहेर थांबायचं. हे इतकी शतकं इतक्या भाविक माणसांना चालत आलं. याचं दुःख माझ्या मनातून आजही जात नाही.

आजीच्या क्रमामागचं खरं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. मी डी.एड.ला होते. सुट्टीत घरी आले आणि साने गुरुजींबद्दल ऐकलेलं सगळं भरभरून सांगायला लागले. आजी तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी तिथंच होते की."

आजीचं माहेर पंढरपूरचं, देवळापासून चार पावलांवरचं. १९४७ साली ती पंधरा वर्षांची होती आणि लग्न ठरलेलं होतं. मे महिना. चंद्रभागेची वाळू तापून पाय ठेववत नाही असे दिवस. विठोबाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी एक मेपासून उपोषणाला बसले होते आणि तिच्या गल्लीतून विरोधकांची मिरवणूक जायची. घोषणा तिला शब्दन् शब्द आठवत होती: "जाव साने भीमापार, नहीं खुलेगा विठ्ठलद्वार." तिचे वडील त्या घोषणा देणाऱ्यांत होते. घरात गुरुजींचं नाव काढायची सोय नव्हती.

"दहा दिवस," आजी म्हणाली. "आमच्याकडे दोन्ही वेळा चूल पेटत होती गं. वर्षाचा पहिला आमरससुद्धा त्याच आठवड्यात झाला. आम्ही वाट्या चाटून खाल्ला. आणि तो माणूस तिकडं उपाशी."

मग ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. चोखोबापुढे आधी डोकं टेकवायचं हा तिचा नेम त्या आमरसापासून सुरू झाला होता.

गुरुजींना बसायला जागासुद्धा सहज मिळालेली नव्हती. शेवटी तनपुरे महाराजांनी आपल्या मठात जागा दिली. गावातला, वारकऱ्यांमधला माणूस, ज्याला उद्या त्याच गावात राहायचं आहे, त्यानं आपलं दार उघडलं. इतिहासात ही गोष्ट एका ओळीत संपते. मला मात्र ती उपोषणाइतकीच मोठी वाटते. उपोषण करणारा सगळ्यांना दिसतो. त्याला सतरंजी देणाऱ्याला पुढची कित्येक वर्षं शेजारच्यांच्या नजरा सोसाव्या लागतात.

उपोषणाआधीचे महिने तर आपण विसरूनच गेलो आहोत. गुरुजींना आधीच बसायचं होतं. सहकाऱ्यांनी थांबवलं, आधी लोकांपर्यंत जा म्हणाले. मग हा सत्तेचाळीस वर्षांचा, तब्येतीनं नाजूक माणूस महाराष्ट्रभर फिरत सुटला. बरोबर सेनापती बापटांसारखे वडीलधारे, राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, गाणी, पोवाडे. गावोगाव सभा. कुठं विहीर खुली झाली, कुठं गावातलं देऊळ खुलं झालं. रोज नवं गाव, रोज तेच बोलायचं, आणि तेही पहिल्यांदाच बोलतोय इतक्या कळवळ्यानं. मी सदतीस वर्षं तेच धडे शिकवले आहेत. तीच गोष्ट पुन्हा मन ओतून सांगण्यात काय ताकद लागते ते मला ठाऊक आहे. उपाशी राहायला निर्धार लागतो. त्या फिरण्याला त्याहून चिवट काहीतरी लागत असलं पाहिजे.

आणि हा माणूस पुढाऱ्याच्या मातीचा नव्हता. कोकणातल्या पालगडचा, लाजाळू, चटकन डोळ्यांत पाणी येणारा. अमळनेरच्या शाळेत सहा वर्षं शिक्षक. वसतिगृहातल्या मुलांचे कपडे धुवायचे, खोल्या झाडायचे, त्यांच्यासाठी हातानं लिहून रोज 'छात्रालय' दैनिक काढायचे. १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात गेले आणि तुरुंगात पडले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि गुरुजी ते भराभर लिहून घ्यायचे. माझी कल्पना अशी आहे की पंढरपूरचं बीज त्या कपडे धुण्यात होतं. दुसऱ्याच्या पोराचा मळका सदरा आपल्या हातानं धुतला की त्याला दाराबाहेर उभं केलेलं सोसवत नाही.

त्यांचं नाव पांडुरंग. पांडुरंग सदाशिव साने. पांडुरंगाच्या दारात पांडुरंग उपाशी.

या दहा दिवसांतला एक प्रसंग मी वर्गात मुलांना नेहमी सांगत असे. गांधीजींची तार आली: उपोषण सोडा. मुंबई सरकार मंदिरप्रवेशाचा कायदा करतच आहे, मग उपोषण कशाला, असं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. ज्यांना आयुष्यभर गुरुस्थानी मानलं त्यांचा हा शब्द. विरोधकांची घोषणा कानाआड करणं त्यामानानं सोपं. ज्याच्या पायाशी बसून श्रद्धा शिकलो तोच 'थांब' म्हणाला तर? गुरुजी थांबले नाहीत. कायद्यानं कुलूप निघेल, पण मन उघडायला हवं, आणि तेही बडव्यांनी, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांनी, आपल्या हातानं दार उघडून, अशी त्यांची तळमळ होती. केंद्रीय कायदेमंडळाचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर मध्यस्थीला आले, बोलणी झाली, बडव्यांनी मान्य केलं आणि दहा मे रोजी उपोषण सुटलं. स्वातंत्र्याला तीन महिने उरले होते. त्याच वर्षी मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

हे सगळं मी वर्षानुवर्षं अभिमानानं सांगत आले. पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती समजायला मला एका बाईची गाठ पडावी लागली.

पंधराएक वर्षांपूर्वी मी एका लहान गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. दोन शिक्षकी शाळा, पटावर सेहेचाळीस मुलं. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बाई लेकीकडे राहायला गेल्या आणि त्यांच्या जागी भीमनगरातल्या एक बाई आल्या. चाळिशीच्या, विधवा, दोन मुलं. तेव्हा मानधन महिन्याला हजार रुपये. मुलं त्यांना मावशी म्हणायला लागली, मग मीही.

पहिल्या दिवशी मसालेभात होता. ताटं घेऊन नऊ मुलं बसली. बाकीच्यांनी दप्तरातून घरचे डबे काढले.

खरं कारण कुणीच तोंडानं बोललं नाही. तक्रारी आल्या त्या वेगळ्याच. आमटी पातळ आहे. तांदळात खडे निघाले. बाईंची नखं बघितली का? मी आमटी पाहिली होती, आधीच्या बाईंच्या आमटीपेक्षा दाट होती. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ, पण बदलीला टेकलेले. म्हणाले, "बाई, गावाच्या नादाला लागू नका. दोन महिन्यांत आपोआप निवळेल."

मी नादाला लागले नाही. आठ दिवस मी रोजच्यासारखी ऑफिसात बसून माझा डबा खाल्ला. माझी तर सवयच होती तशी, असं मी स्वतःला सांगत होते. पण नवव्या दिवशी डबा उघडताना खिडकीतून मावशी दिसल्या. अर्धं पातेलं भरलेलं, त्या पळी हातात धरून उभ्या, आणि त्यांची नजर माझ्या डब्यावर होती. तिच्यात राग नव्हता. हिशेब होता. सेहेचाळीस वजा नऊ, आणि त्यात एक बाई.

मला आजीच्या वाट्या आठवल्या.

आमच्या शाळांत चव नोंदवही असते. मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं अन्न चाखायचं, वेळ लिहायची, शेरा लिहायचा, सही करायची. बहुतेक वेळा महिनाअखेर एका बैठकीत सगळ्या सह्या होतात. मी त्या दिवसापासून नोंदवही घेऊन चुलीपाशी जायला लागले. घास तिथंच, मुलांसमोर खायचा, सही तिथंच करायची, आणि मग ताट घेऊन पंगतीत बसायचं. डबा आणणं बंद केलं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तक्रार निघाली तेव्हा नोंदवही पुढे ठेवली आणि सर्वोच्च न्यायालयाचा २००४ सालचा आदेश वाचून दाखवला. शाळेतला स्वयंपाक करणाऱ्यांच्या नेमणुकीत दलितांना, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावं असं त्यात म्हटलं आहे. बैठकीत शांतता पसरली. दुसऱ्या दिवशी नऊची अकरा मुलं झाली. तिसऱ्या दिवशी पुन्हा नऊ.

चिकाटी म्हणजे काय ते मी त्या नऊ-अकरा-नऊमध्ये शिकले. काही घडत नाही. कुणी भांडतसुद्धा नाही. दळणाला गेलं की गिरणीतलं बोलणं थांबतं, एवढंच. रोज उठून तोच भात, तीच सही. रात्री वाटायचं, कशासाठी हे? माझ्या एका ताटानं कुणाचं काय बदलणार? हरिपाठ म्हणताना जीभ चालायची आणि मन भरलेल्या पातेल्यापाशी असायचं.

मग मार्गशीर्षातली एकादशी आली.

मी माळकरी आहे. एकादशीला आमच्या घरात अन्न शिवत नाहीत, भात तर नाहीच. आजवरच्या एकादशांना चव घ्यायचं काम सर करायचे. त्या दिवशी सर तालुक्याला बैठकीला गेलेले. चुलीवर भात आणि मटकीची आमटी. मावशींना माझी माळ ठाऊक होती. त्यांनी स्वतःच म्हटलं, "बाई, आज राहू द्या. मी सांगते पोरांना, बाईंचा उपास आहे."

म्हणणं बरोबर होतं. गावातल्या कुणीही ते मान्य केलं असतं. पण समोर ताटं घेऊन बसलेल्यांत एक चौथीतली मुलगी होती. तिच्या घरून सगळ्यात जास्त विरोध होता आणि ती त्या आठवड्यातच पहिल्यांदा पंगतीत आली होती. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. आज मी खाल्लं नाही, तर त्या पोरीच्या घरात संध्याकाळी काय बोललं जाईल ते मला ऐकू येत होतं. देवाधर्माचं आलं की बाईसुद्धा शिवत नाहीत, असंच.

तिथं उभ्या उभ्या मनात कितीतरी येऊन गेलं. आईनं गळ्यात घातलेली माळ. इतक्या वर्षांचा नेम. आणि ते दहा दिवस. विठोबासाठी गुरुजींनी जेवण सोडलं होतं. माझ्यासमोर त्याच विठोबानं भाताचं ताट ठेवलं होतं.

मी जेवले. घास तोंडात घेताना हात थरथरत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पाप केलं असं वाटलं का? वाटलं. रात्रभर झोप लागली नाही. पण पहाटे काकड्याची वेळ झाली आणि मी देवापुढे दिवा लावायला बसले, तेव्हा कितीतरी महिन्यांनी मला समोरच्या मूर्तीकडे नीट बघता आलं. आयुष्यभर वाचलेल्या पोथ्यांतून जे हाती आलं नव्हतं ते तेव्हा आलं. ते काय होतं हे शब्दांत मला अजूनही धड सांगता येत नाही. एवढंच म्हणते, मी शिक्षिका का झाले, माळ का घातली, हे प्रश्न त्या पहाटेनंतर मला पडले नाहीत.

गावात बोलणी झाली. माळकरी बाईनं एकादशीला भात खाल्ला, तोही कुणाच्या हातचा. दोन घरांनी मला हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. आणि पंगत वाढत गेली. संक्रांतीला वीस, होळीपर्यंत चाळीस. जूनमध्ये नवीन पहिलीतली मुलं आली. त्यांना यातलं काही माहीतच नव्हतं. ती सरळ ताट घेऊन बसली.

वर्षअखेरीला मी मावशींना जरा भारावूनच म्हणाले, "जिंकलो आपण."

त्या भांडी घासत होत्या. राख लागलेले हात तसेच ठेवून म्हणाल्या, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही जेवलात, तुमचे उपकार आहेत. पण तुम्ही जेवलात म्हणून मी मोठी झाले नाही. मी होते तेवढीच आहे. तुमच्या गावाला यायला उशीर झाला." मग थोडं थांबून, "आणि पोरं माझ्या आमटीला आली. तुमच्या सहीला नाही."

मला ते लागलं. काही दिवस मनात धुमसत राहिलं. मग एका दुपारी बाबासाहेबांचा काळ मी पुन्हा नव्यानं वाचायला घेतला आणि मावशींचं बोलणं मला तिथं भेटलं. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर माणसं पाणी प्यायला गेली, आपल्या पायांनी. २ मार्च १९३० ला नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षं चालला. हजारो माणसं दारात उभी राहिली. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो हे माझ्या हाती नव्हतं, हिंदू म्हणून मरणार नाही. म्हणजे गुरुजी पंढरपुरात बसले त्याच्या जवळजवळ बारा वर्षं आधीच त्या दारातून फार मोठा समाज पाठ फिरवून निघाला होता. त्यांना देवदर्शनाची भीक नको होती. पाणी, जमीन, शिक्षण, मान हवा होता.

मग गुरुजींचं उपोषण वाया गेलं का? मला तसं मुळीच वाटत नाही. पण ते कुणासाठी होतं, याचं माझं उत्तर बदललं. ते उपोषण माझ्या आजीच्या वडिलांसाठी होतं. आमरसाच्या वाटीसाठी होतं. आतल्या माणसांनी दार लावून स्वतःला कोंडून घेतलं होतं, त्यांच्यासाठी एक आतलाच माणूस जिवावर उदार झाला. बाहेरच्यांसाठी उभं राहतो म्हणताना आपण आपलं घर झाडत असतो. केर आपलाच असतो. हे मला मावशींनी शिकवलं आणि त्यांचे उपकार मोठे आहेत.

गुरुजींच्या शेवटाबद्दलही बोललं पाहिजे. गांधीहत्येनंतर त्यांनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं. मन आधीच घायाळ होतं. ११ जून १९५० ला त्यांनी आपलं आयुष्य स्वतः संपवलं. वर्गात मी ही ओळ नेहमी टाळली. आता टाळणार नाही. इतरांचं दुःख इतकं आत घेणाऱ्या माणसाला कुणीतरी घरी न्यावं लागतं, जेवू घालावं लागतं, त्याच्याशी दुसरंच काही बोलत बसावं लागतं. माझ्या वाईट रात्री मावशी दारात येऊन, पायरीवर बसून, कांद्याच्या भावावर बोलत बसायच्या. त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं की त्यांना कळतंय.

पंढरपूरही पुढे सरकत राहिलं. बडव्या-उत्पातांचे हक्क संपवणारा कायदा १९७३ साली झाला, कोर्टात वर्षानुवर्षं लढला गेला आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला. त्याच वर्षी मंदिर समितीनं पूजेसाठी सगळ्या जातींचे पुजारी आणि बायकाही नेमायचं ठरवलं. आजी तेव्हा नव्हती. असती तर तांदूळ निवडता निवडता काय म्हणाली असती, याचा मी पुष्कळदा विचार करते.

निवृत्त झाल्यावर पहिल्या कार्तिकीला मी पंढरपूरला निघाले तेव्हा वाट वाकडी करून मावशींकडे गेले. "चला की माझ्याबरोबर," म्हटलं.

"मी नाही यायची बाई. आमच्या सासऱ्यांनी छप्पन्न सालानंतर घरातले देव पाण्यात सोडले. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, बास." त्यांचा धाकटा मुलगा आता कॉलेजात शिकवतो. तो आतून म्हणाला, बाबासाहेबांनी १९४८ साली आपला एक ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला आहे. मावशींनी ते ऐकलं. चहाचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आत नाही येणार मी. पण तुमच्या त्या चोखोबाला माझा जयभीम सांगा."

पंढरपुरात मुंगी शिरायला जागा नव्हती. महाद्वारासमोर मी पाठ फिरवली आणि समाधीपुढे उभी राहिले. टाळांच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. डोकं टेकवलं आणि मावशींचा निरोप सांगितला. पोलीस शिट्टी मारत होता, "चला माउली, पुढं चला." दर्शनबारीची रांग पार गोपाळपूरच्या रस्त्याला लागली होती. मी चालत गेले आणि सगळ्यांच्या शेवटी उभी राहिले.